क्लचमास्तरांची कवळी

दातांच्या डॉक्टरीणबाईंना किळस म्हणून काही येत नाही, असं त्यांच्या दवाखान्यातली मदतनीस येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. ते खोटंही नव्हतं. सकाळी कुणाचा पू काढायचा, दुपारी त्याच खोलीत डबा उघडायचा आणि घास चावता चावता त्या पुवाचं वर्णनही करायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. लग्नकार्यात नातेवाईक त्यांच्या शेजारची खुर्ची शक्यतो टाळत. कारण पहिल्या वाटीबरोबरच बाई कुणाच्या तरी हिरड्यांवर घसरणार, हे ठरलेलं. "तोंड म्हणजे काय, घरासारखंच. माणूस राहतो तिथे कचरा व्हायचाच. झाडून काढायचा, संपलं," असं त्या म्हणत.

त्या दुपारी नळवाले आपल्या वडिलांना घेऊन आले. नळवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. न्हाणीघराच्या फरश्या, नळ, बेसिनं विकणारं त्यांचं मोठं दुकान होतं, आत गेलं की चारी बाजूंनी आपलंच तोंड दिसेल इतकं चकचकीत. माणूसही दुकानाला साजेसा. कडक इस्त्रीचा सदरा, घोटून केलेली दाढी, आणि माणूस आत यायच्या आधी त्याचं अत्तर आत येणार. बोलणं तर असं गोड की ऐकणाऱ्याचेच दात किडावेत.

ते म्हणाले, बाबांनी खाणं सोडलंय. घास भरवला की बाहेर ढकलतात. विसरायचा आजार आहेच, आता त्यात हट्टीपणाची भर. सदरा कुठला नि विजार कुठली हेही कळत नाही, पण हट्ट मात्र बरोबर कळतो. नेहमीच्या डॉक्टरांनी एकदा दात दाखवून घ्या म्हटलं, म्हणून आणलं.

म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले. बसले म्हणजे मुलानं खांद्याला दोन बोटं लावून त्यांना त्या दिशेला वळवलं आणि मदतनीसबाईंनी हात धरून बसवलं. अंगावर धुतलेला सदरा होता, पण मानेच्या घडीत काळी रेघ साचली होती आणि नखं इतकी वाढलेली की बोटांवरून खाली वळली होती. बसल्यावर त्यांचा एक पाय जमिनीकडे काहीतरी शोधू लागला. मग त्यांनी समोरच्या दिव्याकडे हात नेला, तो किंचित फिरवला आणि म्हणाले, "आरसा."

डॉक्टरीणबाई चमकल्या. हे क्लचमास्तर होते.

अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवणारे क्लचमास्तर. शेजारी बसून "क्लच! क्लच!" असं एवढ्या जोरात ओरडायचे की रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचेही पाय दचकून आखडत. बाई तेव्हा नुकत्या कॉलेजातून बाहेर पडल्या होत्या. एकदा भर चौकात त्यांची गाडी बंद पडली, मागे भोंग्यांचा गदारोळ माजला आणि त्यांना रडूच कोसळलं. तेव्हा मास्तर खाली उतरले, मागच्या गाड्यांपुढे हात आडवा करून उभे राहिले आणि खिडकीतून वाकून म्हणाले होते, "घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. डोळे पूस आणि पुन्हा लाव." तेवढ्या एका वाक्यावर बाई गाडी शिकल्या होत्या.

"मास्तर, ओळखलंत का?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी नुसतंच बघितलं. ओठ कडेला चिरले होते आणि त्या चिरांत काहीतरी पांढरं सुकलं होतं.

बाईंनी दिवा खाली ओढला आणि तोंड उघडायला लावलं.

आधी वास आला. मुखपट्टीतून आला. बंद डब्यात विसरलेलं काहीतरी महिन्यांनी उघडावं, तसा. वरची कवळी टाळूला चिकटून बसली होती. बाईंनी अंगठ्यानं ती सैल करायला बघितली, तर ती हलेना. हिरडी सुजून तिच्या कडेवरून वर आली होती, जुन्या झाडाची साल कुंपणाच्या तारेवर चढते तशी.

"ही शेवटची कधी काढली होती?" त्यांनी विचारलं.

नळवाले खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, रोज काढतात की. स्वतःची स्वतः काढतात.

सदरा-विजार न कळणारा माणूस कवळी मात्र स्वतःची स्वतः काढून धुतो! पाण्याची बारीक धार सोडत, कडेकडेनं, मास्तरांशी काहीबाही बोलत बाईंनी ती कवळी सोडवली. सुटताना तिनं जो आवाज केला, तो चिखलातून बूट निघावा तसा होता.

खाली टाळू दिसतच नव्हता. करड्या-पांढऱ्या बुरशीचा थर, त्यात कुजलेलं अन्न, त्याच्या खाली लालभडक, ठिकठिकाणी सोललेलं मांस. आणि त्या लगद्यात रुतून बसलेल्या गोळ्या. औषधाच्या गोळ्या, एक अर्धवट विरघळलेली आणि एक जवळजवळ अख्खी. औषधं अगदी वेळच्या वेळी देतो, असं नळवाल्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. देत असतीलही. तोंडात टाकली की यांचं काम झालं. ती पोटात गेली का, हे बघायला वाकून तोंडात बघावं लागतं.

मदतनीसबाईंनी हयात या दवाखान्यात काढली होती. त्या तोंड फिरवून बेसिनकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंच्याही घशापर्यंत एक आंबट घोट आला आणि त्यांनी तो मागे परतवला. पण हे क्षणभरच. घाण ती घाण, धुतली की जाते. त्यांनी चिमटा उचलला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "शी."

नळवाल्यांनी नाकाला रुमाल लावला होता. बापाच्या उघड्या तोंडाकडे बघून ते "शी" म्हणाले होते, रस्त्यात मेलेलं कुत्रं दिसल्यावर म्हणतात तसं. आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

ती "शी" बाईंच्या डोक्यात बसली. पुढचा बराच वेळ त्या मास्तरांचं तोंड धूत होत्या. मास्तर आधी त्यांचं बोट हिरड्यांत घट्ट धरून बसले, मग गार पाणी लागल्यावर सैलावले. चूळ भरायला दिलेलं पाणी त्यांनी थुंकलं नाही. गटागटा पिऊन टाकलं आणि पेल्याकडे बघत राहिले. थुंकायचं कसं ते विसरले असतील, असं बाईंना वाटलं. डाव्या मनगटावर पट्टीसारखा लाल वळ होता. बाहेर येऊन त्यांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा नळवाले म्हणाले, घड्याळाचा आहे. मास्तरांच्या हातात घड्याळ नव्हतं.

बाईंनी कवळी दुरुस्तीसाठी ठेवून घेतली. बोटाला ओलं मऊ कापड गुंडाळून तोंड आतून सकाळ-संध्याकाळ कसं पुसायचं, वर मलम कसं लावायचं, हे दाखवलं. दाखवलं म्हणजे त्या दाखवत होत्या आणि नळवाले छताकडे बघत होते. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं विचारलं, की ही कवळी आता नसलीच तर नाही का चालणार? म्हणजे तेवढीच एक कटकट कमी.

बाई म्हणाल्या, "चालेल की. तुमचेही काढून टाकू का? तुमची पण कटकट कमी."

नळवाले मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तीन दिवसांनी या म्हटलं होतं, ते आले नाहीत. फोन केला तर बाबा झोपलेत. दुसऱ्यांदा केला तर बाबांना सर्दी झालीय. तिसऱ्यांदा म्हणाले, आता काही त्रासच नाही, मस्त खाताहेत, तुमच्या हाताला गुण आहे. सोललेल्या टाळूनं, कवळीशिवाय, मस्त खाताहेत! मदतनीसबाई म्हणाल्या, "मॅडम, ते काही आता यायचे नाहीत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असली जात आहे ती."

बाईंनी मास्तरांच्या नेहमीच्या डॉक्टरांना गाठलं. ते जुने ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अगं, घरोघरी हेच आहे. म्हातारपण घाणेरडंच असतं. तो बिचारा एवढा धंदा सांभाळून बापाला घरात ठेवतोय, हेच पुष्कळ. तू कशाला नसती उठाठेव करतेस? बाईंनी त्यांना विचारलं, मास्तरांचा सदरा काढून तुम्ही शेवटचं कधी तपासलंत? डॉक्टर म्हणाले, रक्तदाब सदऱ्यावरूनही बघता येतो.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. उभ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कवळीची डबी पर्समध्ये टाकून त्या मदतनीसबाईंना घेऊन थेट नळवाल्यांच्या घरी गेल्या. न कळवता. दार सुनेनं उघडलं. हसतमुख, नीटनेटकी बाई. घर असं लखलखीत की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडावा. फरशीत दिव्यांची प्रतिबिंबं, भिंतीवर ओळीनं फोटो, कोपऱ्यात आपोआप सुगंध फवारणारं यंत्र. सुनेनं कॉफी विचारली. बाई म्हणाल्या, कॉफी नको, कवळी आणलीय, बसवून देते. बाबा कुठायत?

सुनेचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. म्हणाली, बाबा आत्ताच झोपलेत, डबी माझ्याकडे द्या. बाई म्हणाल्या, झोपेतही बसवता येते. तेवढ्यात जेवायला घरी आलेले नळवाले आतून बाहेर आले. पण तोवर मदतनीसबाई पॅसेजच्या टोकाला पोचल्या होत्या. त्यांना पत्ता विचारावा लागला नाही. सुगंधाचं यंत्र जिथे कमी पडत होतं, तिथून पुढे वासच वाट दाखवत होता.

मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. कडी लावलेली होती.

आत अर्धा अंधार होता. खिडकीला पुठ्ठा लावला होता. पुढे कळलं की शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. पलंगावर प्लास्टिकचा कागद, त्यावर एक चादर. चादरीचा मूळ रंग कुठला ते फक्त कडेला कळत होतं. मास्तर कुशीवर पडले होते. कमरेखाली काही नव्हतं. डावं मनगट टॉवेलनं पलंगाच्या दांडीला बांधलेलं. स्टुलावर तीन थाळ्या एकावर एक. वरच्या थाळीतल्या अन्नावर मुंग्यांची रांग लागलेली, खालच्या थाळ्यांतलं अन्न वाळून तडकलेलं. पाण्याचा जग भरलेला होता. तो खिडकीत होता, बांधलेला माणूस जिथवर पोचेल त्याच्या दोन हात पलीकडे.

मदतनीसबाईंनी टॉवेलची गाठ सोडली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना हळूच वळवलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. माकडहाडापाशी, पडून पडून, तळहाताएवढी जखम झाली होती. चादर तिला चिकटली होती. जखमेचा वास, लघवीचा वास आणि त्या सगळ्यावर पॅसेजमधून फुस्सकन येणारा फुलांचा वास. बाईंना ओकारी आली. त्या जखमेची नाही. त्या फुलांच्या वासाची.

नळवाले दाराबाहेर उभे होते. उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल नव्हतं. ते भराभर बोलू लागले. बांधलं ते पडू नयेत म्हणून. माणूस ठेवला होता, तो पळाला. मी दिवसभर दुकानात, घरातलं सगळं हिच्याकडे. सून म्हणाली, मी वेळच्या वेळी थाळी नेऊन ठेवते, एक दिवस चुकवलेला नाही. पुढचं ह्यांनी बघायचं, वडील ह्यांचे आहेत. नळवाले म्हणाले, बाईमाणसाला हे जास्त जमतं. सून म्हणाली, परक्या पुरुषाला मी कशी आंघोळ घालू? तूही राणी, मीही राणी, मग पाणी कोण भरणार, अशातली गत. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि त्या दोन बोटांच्या मधल्या जागेत हा माणूस महिनोन्महिने कुजत पडला होता.

शेवटी नळवाल्यांचा आवाज फाटला. "मला किळस येते हो, डॉक्टर. खरंच सांगतो. लहानपणापासून. माझ्या पोरांचं ढुंगणसुद्धा मी कधी धुतलं नाही. बाबांच्या जवळ गेलं की पोटातून उमळून येतं. मी काय करू?"

"किळस मलाही आली," बाई म्हणाल्या. "मग मी हातमोजे घातले."

त्यांनी जग उचलला, पेला भरला आणि मास्तरांच्या डोक्याखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं. रुग्णालयात हलवू म्हटलं, तर नळवाले ऐकेनात. तेव्हा बाहेर रस्त्यावर येऊन, भिंतीला पाठ टेकून, निराधार आणि आबाळ झालेल्या वृद्धांबद्दलच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाला फोन लावला.

पण सरकारी काम ते सरकारी काम. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या निरीक्षकबाई डॉक्टरीणबाईंना घेऊन तपासणीला निघाल्या, त्याआधी कार्यालयातल्या एका कारकुनानं नळवाल्यांना रीतसर फोन करून "आम्ही येत आहोत" असं कळवलं होतं. तसा शिरस्ताच होता म्हणे.

त्यामुळे दार उघडलं तेव्हा नळवाले स्वागताला उभे. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, कडी गायब, तिच्या जागी चार भोकं. खिडकीचा पुठ्ठा गेलेला. जमिनीवर फिनेलचा ओलावा. कोऱ्या चादरीवर, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या सदऱ्यात, केस विंचरलेले मास्तर उशीला टेकून बसवलेले. शेजारी फुलदाणी. सुनेच्या हातात वाटी-चमचा. असं चित्र, की कुणीही फोटो काढावा.

डॉक्टरीणबाईंना दातखीळ बसल्यासारखं झालं. काल आपण पाहिलं ते खरं की आज दिसतंय ते? एका दुपार-संध्याकाळच्या अवधीत एवढं सगळं करता येत होतं तर. पाणी होतं, साबण होता, हात होते. हे सगळं घरात होतंच. फक्त कुणीतरी बघायला येणार, एवढंच नव्हतं. कालच्या त्या चादरीपेक्षा ही कोरी चादर त्यांना जास्त घाणेरडी वाटली.

नळवाले निरीक्षकबाईंना सांगत होते, डॉक्टरांचा गैरसमज झाला, भावनेच्या भरात होतं असं. निरीक्षकबाई जाडजूड, मंद चालीच्या, अर्धवट झोपेत असल्यासारख्या दिसणाऱ्या होत्या. त्यांनी हं हं केलं. खोलीत एक चक्कर मारली. मग मास्तरांपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, पाणी घेणार?"

त्यांनी पेला भरून दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला. निरीक्षकबाईंनी पुन्हा भरला. तोही संपला. आणखी भरला. पाणी हनुवटीवरून गळ्यात, सदऱ्यात उतरत होतं आणि मास्तर पीत होते, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हते. जग रिकामा झाला, तसा त्यांनी रिकामा पेलाच तोंडाला लावून ठेवला.

सुनेनं वाटी खाली ठेवली.

"चादर कालपासून स्वच्छ असेल," निरीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या, "तहान मात्र जुनी दिसते." मग त्यांनी नळवाल्यांना बाहेर काढलं, मास्तरांना कुशीवर वळवलं, जखमेवर घाईघाईनं चिकटवलेली नवी पट्टी उचलून बघितली आणि रुग्णवाहिका बोलावली. कार्यालयात परतल्यावर त्यांनी त्या कारकुनाची जी हजेरी घेतली, ती म्हणे तळमजल्यापर्यंत ऐकू आली. शिरस्ता त्याच दिवशी बंद झाला.

मास्तर बरेच आठवडे रुग्णालयात होते. खटला दाखल झाला. डॉक्टरीणबाई साक्ष देऊन आल्या, तरी त्यांचं समाधान होईना. निरीक्षकबाईंच्या टेबलासमोर बसून त्या म्हणाल्या, "त्या दोघांना त्याच खोलीत बांधून ठेवा. बाहेरून कडी घाला. जग खिडकीत ठेवा."

"ठेवते," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आणि सकाळी मास्तरांचं तोंड कोण धुणार? तुम्ही? रोज?"

चांगल्या वृद्धाश्रमात जागा नव्हती, आणि जिथे होती तिथल्या खोल्यांत स्वतः निरीक्षकबाईंनीच मागे टॉवेलच्या गाठी सोडल्या होत्या. म्हणून ठरलं ते असं. मास्तर घरी जातील, पण पुढच्या, उजेडाच्या खोलीत. शिकलेली परिचारिका सकाळ-संध्याकाळ येईल. दिवसा ते विस्मरणाच्या रुग्णांसाठीच्या केंद्रात जातील, तिथली माणसं त्यांना रोज बघतील. दाराला कडी नाही. निरीक्षकबाई केव्हाही येतील, न सांगता, आणि आल्या की थेट चादर उचलतील. आणि तोंडाची निगा परिचारिकेनं नाही, मुलानं स्वतः करायची. ही शेवटची अट डॉक्टरीणबाईंनी घालायला लावली होती.

नळवाले शिकायला दवाखान्यात आले. अत्तर लावूनच आले. बाईंनी त्यांच्या बोटाला कापड गुंडाळून दिलं. त्यांनी मास्तरांच्या तोंडाजवळ हात नेला, आणि धावत जाऊन बेसिनमध्ये ओकले. मदतनीसबाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला. बाईंनी नवं कापड पुढे केलं. दुसऱ्या खेपेला बोट आत गेलं. नळवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातूनही. मास्तरांनी मुलाचं बोट हिरड्यांत धरलं आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले आणि तोंड आणखी उघडलं.

दुसऱ्या कुणाला तिथे भरून आलं असतं. मदतनीसबाईंना आलंच. डॉक्टरीणबाईंना मात्र एवढंच वाटत राहिलं, की हे इतकं सोपं होतं. एक बोट, एक फडकं.

त्यानंतर त्यांनी आपल्या दवाखान्याची रीत बदलली. असा कुणी रुग्ण आला की नातेवाइकांना बाहेर बसवायचं आणि आधी पेलाभर पाणी द्यायचं. ते कसं पितात ते बघायचं. मनगटं, नखं, मान बघायची. मग नातेवाइकाला आत बोलावून म्हणायचं, कवळी घरी कशी काढता, आत्ता काढून दाखवा. हाताला सवय आहे की नाही, ते लगेच कळतं. एका म्हातारीच्या मुलीला असंच काढायला सांगितलं, तर तिनं कवळी झटक्यात, सफाईनं काढली, आणि बाई "छान" म्हणाल्या तशी ती तिथेच कोसळून रडायला लागली. आईला एकटीनं सांभाळता सांभाळता किती काळ सलग झोप नाही, हे ती कुणाला बोललीच नव्हती. हल्ली आईवर हात उचलावासा वाटतो, म्हणाली. बाईंनी त्या मुलीसाठीही निरीक्षकबाईंनाच फोन केला. तिथे गुन्हा नव्हता, पण उद्या झाला असता. त्या म्हातारीलाही केंद्रात जागा मिळाली आणि मुलीला दुपारची झोप.

मास्तरांची जखम भरली. ते कुणाला ओळखेनासे झाले, पण अंगावर मांस चढलं. नळवाले ठरल्या वारी त्यांना घेऊन येत. गावात आता त्यांचं नाव झालं होतं. बापाचं तोंड स्वतःच्या हातानं धुतो, असा मुलगा शोधून सापडणार नाही, असं लोक म्हणत. दुकानात गिऱ्हाईक बसलं की तेही ती गोष्ट सांगत, सुरुवातीचा भाग वगळून.

असंच एकदा मास्तरांना तपासून झालं. टाळू गुलाबी, स्वच्छ होता, दुरुस्त केलेली कवळी नीट बसत होती. मदतनीसबाई मास्तरांना हात धरून बाहेर घेऊन गेल्या, आणि नळवाले मागे रेंगाळले. खटल्याचा निकाल लागला होता. दंड झाला होता, देखरेख कायम राहिली होती. त्याबद्दल ते बोलले नाहीत. त्यांनी घसा साफ केला.

"डॉक्टर, आता तरी तुमच्या मनात माझ्याबद्दल काही नाही ना?"

बाईंनी हातमोजे काढले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस रोज करतो हे खरं होतं. परिचारिका तसं सांगत होती, टाळूही सांगत होता.

"आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर आलात की मला अजून तो वास येतो. तो जाईलसं वाटत नाही."

नळवाल्यांनी मान खाली घातली.

"त्यांची खालची हिरडी थोडी लाल दिसतेय," बाई पुढे म्हणाल्या. "मलम दोनदा लावा. आणि पुढच्या वेळी उशीर नको." मग त्या बेसिनकडे वळल्या आणि हात धुऊ लागल्या.